सेंट अँड्रूजचा ओल्ड कोर्स खेळायला जाताना नेमके काय पाहावे?

मुळाकाठ, पुणे

नमस्कार.

मी गेली अकरा वर्षे पुण्यात गोल्फ खेळत आहे आणि माझा हँडिकॅप (कौशल्याचे माप; आकडा जितका कमी तितका खेळ चांगला) १९ आहे. या अकरा वर्षांतला जवळजवळ सगळा खेळ एकाच कोर्सवर झाल्यामुळे तिथले प्रत्येक झाड आणि प्रत्येक उतार पाठ झाला आहे. जुलैमध्ये चेंडू पडेल तिथेच थांबतो आणि मार्चमध्ये तोच फटका कडक जमिनीवरून तीस यार्ड पुढे जातो, एवढा ऋतूंचा फरक सोडला तर कोणत्या होलवर (सुरुवातीच्या जागेपासून भोकापर्यंतच्या टप्प्यावर) कोणता क्लब घ्यायचा याचा विचार मला आता करावाच लागत नाही.

मागच्या हिवाळ्यात एका स्नेह्यांचा पाहुणा म्हणून दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी कोर्सवर सलग दोन दिवस खेळायला मिळाले आणि ही सवय मोडली. दोन्ही बाजूंना दाट काटेरी झुडपे, त्यांमधून जाणारा चिंचोळा फेअरवे (कापलेल्या गवताचा पट्टा), वाटेत मोर आणि जुन्या मुघलकालीन घुमट्या असा तो कोर्स आहे. पहिल्या दिवशी मी सवयीप्रमाणे जवळपास प्रत्येक टीवर (होलच्या सुरुवातीच्या जागेवर) ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारणारा क्लब, काढला आणि सात चेंडू झुडपांत घालवले. दुसऱ्या दिवशी कॅडीने (बॅग वाहणाऱ्या, सल्ला देणाऱ्या सोबत्याने) मला ड्रायव्हर घेऊच दिला नाही, आणि माझे अकरा फटके कमी झाले. फटका मारणारा हात तोच होता. फरक पडला तो समोरची जागा कशी पाहायची हे कुणीतरी दाखवून दिल्यामुळे. तेव्हापासून कोर्स आखणाऱ्याने कुठे काय योजले आहे आणि का, हे समजून घेण्याची ओढ लागली आहे.

येत्या मे महिन्यात मी मुलीकडे एडिंबराला तीन आठवडे जाणार आहे आणि स्कॉटलंडमधल्याच सेंट अँड्रूजला, तिथल्या ओल्ड कोर्सवर, खेळण्याचा प्रयत्न करणार आहे. अडचण अशी आहे की दूरचित्रवाणीवर अनेकदा पाहूनही ओल्ड कोर्स मला समजलेला नाही. तिथे डोळ्यांत भरणारी झाडे नाहीत, तळी नाहीत. पहिल्या आणि अठराव्या होलला मिळून एकच प्रचंड रुंद फेअरवे आहे आणि त्या दोन्ही होलवर एकही बंकर (वाळूचा खड्डा) नाही. लोधी कोर्सवर अडचण समोर उभी असते; इथे ती दिसतच नाही. अमेरिकेचा प्रख्यात खेळाडू बॉबी जोन्स १९२१ मध्ये वयाच्या १९व्या वर्षी तिथल्या अकराव्या होलवर वैतागून ब्रिटनची ओपन स्पर्धा अर्धवट सोडून गेला होता. पुढे त्याच कोर्सवर त्याने १९२७ ची ओपन आणि १९३० ची ब्रिटिश ॲमॅच्युअर जिंकली आणि तो या जागेचा सर्वांत मोठा चाहता झाला. त्या नऊ वर्षांत त्याला असे काय दिसले, जे पहिल्या भेटीत दिसले नव्हते? माझ्यासारख्या मध्यम खेळाडूला एकाच फेरीत त्यातले काही दिसू शकेल का? आणि एडिंबराजवळचे आणखी कोणते कोर्स खेळले तर ही समज वाढेल?

———

फाईफकर, स्कॉटलंड

मी चौदा वर्षांपासून फाईफमध्ये, म्हणजे सेंट अँड्रूज ज्या भागात आहे तिथे, राहतो. ओल्ड कोर्सवर माझ्या आजवर वीस-बावीस फेऱ्या झाल्या असतील. पहिल्या तीन-चार फेऱ्यांत माझेही मत आपल्यासारखेच होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याला दिसलेली रुंदी खरी आहे, परंतु ती रुंदी म्हणजेच या कोर्सची परीक्षा आहे. चिंचोळ्या फेअरवेवर कुठे मारायचे हे आखणाऱ्याने आधीच ठरवून दिलेले असते आणि खेळाडूने फक्त ते करून दाखवायचे असते. ओल्ड कोर्सवर डावीकडे मारले तरी चेंडू सापडतो आणि उजवीकडे मारले तरी सापडतो, पण पुढच्या फटक्याला ग्रीन (भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) कसे दिसेल हे त्यावर ठरते. जाताना उजव्या हाताला काटेरी गॉर्सची झुडपे आहेत आणि परतताना उजव्याच हाताला भिंत, जुन्या रेल्वेमार्गाची हद्द, हॉटेल आणि रस्ता, म्हणजे कोर्सची सीमा आहे. त्यामुळे घाबरलेला खेळाडू अठराही होल डावीकडे मारत राहतो. त्याचा चेंडू हरवत नाही, मात्र बहुतेक होलवर डावीकडून ग्रीन गाठायची वाट बंकरवरून किंवा आडव्या उंचवट्यावरून जाते. जो धोक्याच्या जवळून, उजव्या कडेने जातो, त्याला ग्रीनचे तोंड मोकळे मिळते. डावीकडून खेळणाऱ्याचा शेवटी एकेक फटका वाढत जातो आणि तो नेमका कुठे वाढला हे त्याला सांगता येत नाही. पहिल्या भेटीत हा कोर्स अन्यायकारक का वाटतो, याचे उत्तर माझ्या मते इथे आहे.

सतराव्या होलवर हे सगळे एकाच ठिकाणी पाहायला मिळते. हे पार चारचे (चार फटक्यांत पुरे व्हावे असे) होल आहे आणि स्पर्धेच्या टीवरून ते ४९५ यार्डांचे आहे. उजवीकडे हॉटेल आणि कोर्सची हद्द आहे. ग्रीन लांबट, अरुंद आणि तिरके ठेवलेले आहे. त्याच्या पुढच्या अंगाला, डावीकडे, भिंतीसारखी उभी कड असलेला रोड बंकर आत घुसला आहे आणि मागे लगेच रस्ता व दगडी भिंत आहे. टीवरून जितके उजवीकडे, हॉटेलला चिकटून, माराल तितके ते ग्रीन आपल्यासमोर लांबीने उघडते. डावीकडून आलात तर ते आडवे होते, बंकर मध्ये येतो आणि चेंडू थांबवायला जागाच उरत नाही. १९७८ च्या ओपनमध्ये जपानचा टॉमी नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर पोचला होता. तिथून पट करताना (चेंडू जमिनीवरून भोकाकडे ढकलताना) चेंडू उतारावरून घरंगळत रोड बंकरमध्ये गेला आणि त्या होलवर त्याचे एकूण नऊ फटके झाले. १९८४ मध्ये टॉम वॉटसनचा दुसरा फटका ग्रीन ओलांडून रस्त्यावर भिंतीजवळ गेला आणि सेव्ह बाय्येस्तेरोसने ती ओपन जिंकली. बंकर एवढासा आहे, पण आजूबाजूची जमीन त्याच्याकडे अशी उतरते की त्याचा पसारा प्रत्यक्षात तिप्पट-चौपट होतो. नकाशात बंकरचा आकार दिसतो. त्याच्याकडे वाहणारी जमीन तिथे उभे राहिल्याशिवाय दिसत नाही.

चौदाव्या होलबद्दलही थोडे सांगतो, कारण तिथे निवड करावी लागते. उजवीकडे भिंत आहे, डावीकडे बिअर्डीज नावाचे बंकर आहेत आणि मध्ये एलिझियन फील्ड्स म्हणतात तो सपाट पट्टा आहे. टीवरून तो पट्टा साधला तरी पुढे सुमारे दहा फूट खोल हेल बंकर वाट अडवून बसलेला आहे. त्यावरून मारावे, डावीकडे पाचव्या होलच्या फेअरवेवर जावे की आधीच थांबावे, हे त्या दिवशीचा वारा पाहून ठरवायचे असते. सेंट अँड्रूजला १९७० आणि १९७८ अशा दोन ओपन जिंकलेल्या जॅक निकलसला १९९५ मध्ये या बंकरमधून बाहेर पडायला चार फटके लागले आणि त्या होलवर त्याचे दहा झाले.

या कोर्सला एकच एक आखणारा नाही, ही गोष्ट लक्षात ठेवल्यास बरेच कोडे उलगडते. समुद्र मागे हटल्यावर उरलेली वाळू वाऱ्याने रचली, तिच्यावर बारीक पात्यांचे गवत आले, आणि लोक शतकानुशतके त्या जमिनीच्या कलाने खेळत गेले. गावकऱ्यांचा या जागेवर खेळण्याचा हक्क १५५२ च्या सनदेत नोंदलेला आहे. पूर्वी खेळाडू एकाच वाटेने बाहेर जात आणि त्याच वाटेने, त्याच भोकांत चेंडू घालत परत येत. फेरी २२ होलची होती. १७६४ मध्ये सुरुवातीची काही लहान होल एकत्र केल्यामुळे ती १८ ची झाली, आणि आज जगभर १८ होल खेळली जातात ती यामुळे. पुढे गर्दी वाढली तेव्हा वाट रुंद करून त्याच ग्रीनवर दोन भोके पाडली गेली. म्हणून आजही सात ग्रीन जोडग्रीन आहेत आणि प्रत्येक जोडीच्या क्रमांकांची बेरीज १८ येते: दुसरे आणि सोळावे, तिसरे आणि पंधरावे, याप्रमाणे. सेंट अँड्रूजचा जुना खेळाडू आणि कोर्स राखणारा ओल्ड टॉम मॉरिस याने पहिल्या होलसाठी वेगळे ग्रीन केल्यावर कोर्स आजच्या दिशेने खेळणे सोयीचे झाले. त्याआधी तो उलट दिशेने खेळला जाई, आणि बाराव्या होलवर टीवरून अजिबात न दिसणारे बंकर आहेत त्यांचे कारणही तेच आहे. उलट दिशेने येणाऱ्याला ते समोर दिसतात.

आता आपल्या उपयोगाचे. रविवारी ओल्ड कोर्स खेळासाठी बंद असतो आणि त्या दिवशी तो सर्वांसाठी फिरायला मोकळा असतो. आपली फेरी मिळण्याआधीच्या रविवारी तिथे या आणि अठराव्या ग्रीनपासून उलटे चालत जा. प्रत्येक ग्रीनवर मागे वळून फेअरवेकडे पाहा आणि इथे चेंडू आणायला कोणती बाजू सोपी आहे ते स्वतःला विचारा. ग्रीनपासून टीकडे पाहिल्यावर जे कळते ते टीवरून ग्रीनकडे पाहून कळत नाही. हे एक काम केलेत तर एका फेरीतही पुष्कळ दिसेल.

———

छावणी, देवळाली

फाईफकर यांनी जे लिहिले आहे त्याच्याशी मी सहमत आहे, परंतु चिंचोळ्या कोर्सबद्दल त्यांनी थोडे कमी बोलले आहे असे वाटते. मी लष्करी सेवेत असताना बदल्यांमुळे निरनिराळ्या छावण्यांतील तीसहून अधिक कोर्सवर खेळलो. त्यांतले काही नऊ होलचे होते, काहींवर फेअरवे म्हणजे नांगर न लावलेली जमीन होती, आणि वाळवंटी भागातल्या एका ठिकाणी गवताचे ग्रीनच नव्हते. तिथे तेल मिसळलेली वाळू दाबून गोल सपाट जागा केलेली असे आणि तिला आम्ही ब्राउन म्हणत असू. पट करण्याआधी आपल्या रेषेवरून फळी ओढून वाळू सारखी करून घ्यायची. अशा ठिकाणी चेंडू वळणार नाही हे माहीत असल्याने सगळे कौशल्य तिथवर पोचण्यात असे, आणि खडे, गवताचे पुंजके, कोरडा नाला यांनीच होल आखलेले असे.

मुळाकाठ यांच्या दिल्लीच्या अनुभवाबद्दल एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. लोधी कोर्सला १९७० च्या दशकात ज्याने रूप दिले तो ऑस्ट्रेलियाचा पीटर थॉमसन पाच वेळा ओपन जिंकलेला खेळाडू होता आणि त्यांतली १९५५ ची ओपन त्याने ओल्ड कोर्सवरच जिंकली होती. (अलीकडे, २०१९ मध्ये, गॅरी प्लेअरच्या आराखड्यानुसार त्या कोर्सवर पुन्हा मोठे बदल झाले.) इतक्या रुंद कोर्सवर जिंकणाऱ्या माणसाने दिल्लीत मात्र झुडपांना मागे रेटले नाही. जागा जशी होती तशी तिने खेळाडूला संयम विचारावा, हे त्याने राहू दिले. ओल्ड कोर्स कोन विचारतो आणि लोधी कोर्स संयम विचारतो. दोन्ही ठिकाणी ताकद दुय्यम ठरते, म्हणून मी त्यांना एकमेकांचे विरोधी मानत नाही.

गवताकडेही लक्ष द्यावे. आपल्याकडील उष्ण प्रदेशातल्या कोर्सवर जे बर्म्युडा गवत म्हणून ओळखले जाते, ती मूळची आपली हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वा. आजचे सुधारित प्रकार तिच्याच संकरातून आले आहेत. ती जमिनीवर आडवी पसरते, पेरापेराला मुळे धरते आणि चेंडूला अडवते. ग्रीनवर तिच्या पात्यांचा कल चेंडूला एका बाजूला ओढतो, हे पुण्यात खेळणाऱ्याच्या अंगवळणी पडलेले असते. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर फेस्क्यू आहे. त्याची पाती सुईसारखी बारीक, खाली वाळू आणि पाण्याचा झटकन निचरा, त्यामुळे चेंडू जमिनीवर पडल्यानंतरच अर्धा प्रवास करतो. आपण इथे वेजने (चेंडू उंच उडवणाऱ्या क्लबने) उंच उचलून ग्रीनवर टाकायला शिकतो, कारण हरळीत चेंडू घरंगळवणे भरवशाचे नसते. तिथे तोच चेंडू ग्रीनच्या तीस यार्ड आधी टाकून पळवावा लागतो. जाण्याआधी महिनाभर सात नंबरच्या आयर्नने जमिनीलगत चेंडू पळवण्याचा सराव करावा. एप्रिल-मेमध्ये पुण्याची जमीन कडक असते, त्यामुळे सरावाला ऋतूही अनुकूल आहे.

———

चेंबूरची खेळाडू, मुंबई

या चर्चेत एक बाजू राहून गेली आहे, म्हणून लिहिते. माझा ड्रायव्हरचा चेंडू हवेतून साधारण १५० यार्ड जातो. कोर्सच्या आखणीचे कौतुक ऐकताना ते बहुतेक वेळा २५० यार्ड मारणाऱ्याच्या नजरेतून केलेले असते. मला कोणताही कोर्स पाहताना पहिला प्रश्न पडतो तो असा की इथे जमिनीवरून जायला वाट आहे का, की पाण्यावरून किंवा खड्ड्यावरून चेंडू उडवण्याशिवाय गत्यंतर नाही?

फ्लोरिडातील टीपीसी सॉग्रास कोर्सचे सतरावे होल जगप्रसिद्ध आहे. चहूबाजूंनी पाणी असलेल्या त्या ग्रीनवर १३७ यार्डांचा फटका मारायचा असतो. ग्रीनजवळची वाळू खणून इतरत्र वापरली गेल्यामुळे तिथे मोठा खड्डा पडला होता, आणि तो पाण्याने भरून ग्रीनचे बेट करावे ही कल्पना तो कोर्स आखणाऱ्या पीट डाय यांच्या पत्नी ॲलिस डाय यांची होती. स्पर्धा पाहणाऱ्यासाठी ते थरारक आहे हे मान्य करूनही मला ते होल फारसे आवडत नाही, कारण तिथे खेळाडूला निवडच नाही; चेंडू एक तर ग्रीनवर जातो किंवा पाण्यात. याच ॲलिस डाय यांनी स्त्रियांसाठी पुढच्या टी नीट विचार करून आखाव्यात असा आग्रह आयुष्यभर धरला, हे मात्र कृतज्ञतेने नोंदवावेसे वाटते. टी पुढे घेतली की होल फक्त लहान होते असे नाही. बंकर कुठे खेळात येतो, फेअरवेचा वळसा कुठून दिसतो, दुसऱ्या फटक्याला कोणता क्लब हातात येतो, हे सगळे बदलते, आणि आखणाऱ्याने त्या टीवर स्वतः उभे राहून पाहिले आहे की नाही हे दोन होलमध्ये कळते.

मी २०१९ मध्ये ओल्ड कोर्स खेळले. पहिल्या ग्रीनच्या अगदी पुढ्यात वाहणारा स्विल्कन ओढा सोडला तर पूर्ण फेरीत असे एकही ठिकाण आठवत नाही, जिथे मला फक्त उंच उडवूनच पार व्हावे लागले. हेल बंकरला मी डावीकडून वळसा घातला, रोड बंकरच्या अलीकडे उजव्या अंगाला थांबले, आणि एक फटका जास्त देऊन प्रत्येक अडचणीतून वाट काढता आली. लांब मारणाऱ्या माझ्या पतींना त्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त वेळा बंकरमधून खेळावे लागले, कारण त्या ११२ बंकरांपैकी बरेचसे त्यांच्याच अंतरावर होते. स्त्रियांची ओपन ओल्ड कोर्सवर प्रथम खेळली गेली ती २००७ मध्ये आणि लॉरेना ओचोआने ती जिंकली. इतक्या उशिरा का, हा प्रश्न वेगळा आहे. कोर्सची जमीन मात्र पहिल्यापासूनच सर्वांना खेळू देणारी होती.

———

तांबडी माती, नॉर्थ कॅरोलिना

चेंबूरच्या ताईंचा मुद्दा वाचून पाइनहर्स्टबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझे घर तिथून गाडीने सव्वा तासावर आहे.

पाइनहर्स्ट नंबर दोन हा कोर्स डोनाल्ड रॉस याने घडवला. तो स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डॉर्नॉक गावचा. त्याने सेंट अँड्रूजला ओल्ड टॉम मॉरिसच्या हाताखाली उमेदवारी केली, १८९९ मध्ये अमेरिकेत आला, १९०७ मध्ये नंबर दोनचे अठरा होल पूर्ण केले आणि १९४८ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांत सुधारणा करत राहिला. छावणी यांनी सांगितलेली ब्राउनची गोष्ट इथेही घडली आहे: १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पाइनहर्स्टची ग्रीनही वाळूचीच होती. ती गवताची झाल्यावर रॉसने त्यांभोवतीची जमीन घडवली आणि आज हा कोर्स ज्यासाठी ओळखला जातो तो आकार आला. इथले ग्रीन पालथ्या घातलेल्या परातीसारखे आहे. मध्यभाग उंच, कडा सर्व बाजूंनी उतरत्या, त्यामुळे ग्रीनच्या कडेला पडलेला चेंडू थांबत नाही, घरंगळत खाली सपाट खोलगटात जातो. तिथून पटरने वर ढकलावे, आयर्नने पळवावे की वेजने उचलावे, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

काळाच्या ओघात या कोर्सवर सगळीकडे हिरवेगार, पाणी देऊन वाढवलेले रफ (फेअरवेबाहेरचे उंच गवत) आले होते. २०१० आणि २०११ मध्ये कोर्स आखणारे बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी जुनी छायाचित्रे पाहून सुमारे ३५ एकर गवत काढून टाकले आणि तिथे पूर्वीची उघडी वाळू व वायरग्रासचे पुंजके परत आणले. चेंडू फेअरवेवरून बाहेर गेला तर तो स्वच्छ वाळूवर मिळेल की पुंजक्याच्या बुडाशी, हे जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. सगळीकडे सारखेच उंच रफ असले की एकच फटका उरतो, वेजने बाहेर काढायचा. इथे प्रत्येक वेळी नवा विचार करावा लागतो. २०१४ मध्ये पुरुषांची आणि स्त्रियांची यूएस ओपन लागोपाठच्या आठवड्यांत याच कोर्सवर झाली. पुरुषांमध्ये जिंकलेल्या मार्टिन कायमरने ग्रीनबाहेरून वारंवार पटरच वापरला होता. त्या आठवड्यात मी दोरीच्या बाहेर उभा राहून ते पाहिले, आणि माझ्या बॅगेतील सर्वांत जास्त लोफ्टचा (तिरक्या पात्याचा) वेज तेव्हापासून घरीच आहे.

मुळाकाठ यांनी बॉबी जोन्सला काय दिसले असे विचारले आहे. त्याचे उत्तर त्याने नंतर काय बांधले त्यात शोधता येते. ऑगस्टा नॅशनल या कोर्ससाठी त्याने सोबती निवडला तो ॲलिस्टर मॅकेन्झी. पेशाने डॉक्टर असलेल्या मॅकेन्झीने बोअर युद्धात सैनिक जमिनीचा आडोसा कसा घेतात हे जवळून पाहिले होते, आणि त्याने स्वतः मोजमाप घेऊन १९२४ मध्ये पूर्ण केलेला ओल्ड कोर्सचा नकाशा आजही वापरला जातो. या दोघांनी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात जो कोर्स केला त्याचे फेअरवे सुरुवातीला अतिशय रुंद होते, बंकर मोजके होते, आणि खेळ ठरत होता तो ग्रीनच्या उतारांवर व त्यांना भिडण्याच्या कोनावर. समुद्रापासून दूर, पाइनच्या टेकडीवर ओल्ड कोर्समधली तत्त्वे रुजतात का, हे त्यांना पाहायचे होते. तिथली पहिली मास्टर्स स्पर्धा १९३४ च्या मार्चमध्ये झाली. मॅकेन्झी त्याच वर्षीच्या जानेवारीत वारला होता.

———

मुळाकाठ, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. कालपासून आयर्नने चेंडू पळवायला सुरुवात केली आहे आणि आमच्या कोर्सवर एका संध्याकाळी ग्रीनपासून टीकडे उलटे चालूनही पाहिले. सहाव्या होलवर मी अकरा वर्षे ज्या बाजूला मारत आलो आहे, तिकडून ग्रीनचा उतार पाठमोरा पडतो आणि दुसऱ्या बाजूने तो चेंडूला सामोरा येतो, हे मला काल प्रथम कळले.

फाईफकर, जवळच्या इतर कोर्सबद्दल आणि कॅडी घ्यावा की नाही याबद्दल कृपया सांगावे.

———

फाईफकर, स्कॉटलंड

कॅडी अवश्य घ्या. ओल्ड कोर्सवर अनेक टीवरून समोर फक्त क्षितिज आणि गॉर्स दिसते, आणि दूरचा चर्चचा मनोरा किंवा एखादे छप्पर हेच लक्ष्य असते. खेळण्यासाठी दोन दिवस आधी नाव देऊन सोडतीत नशीब अजमावता येते. तीन आठवडे हाताशी आहेत, तेव्हा रोज नाव देत राहावे.

इतर कोर्समध्ये पहिला नॉर्थ बेरिक. एडिंबराहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या सुमारास पोचता येते. तिथे तेराव्या होलवर ग्रीनच्या तोंडाशी जुनी दगडी भिंत आहे आणि चेंडू तिच्यावरून पलीकडे टाकावा लागतो. (चेंबूरच्या ताईंना ते आवडणार नाही, पण मागून हलका वेज मारण्याइतके जवळ यायचे की नाही हे आपल्या हातात असते.) पंधरावे होल रेडान नावाचे, पार तीनचे आहे. क्रिमियाच्या युद्धातील तटबंदीवरून त्याला हे नाव मिळाले. ग्रीन उजव्या पुढच्या कोपऱ्यापासून डाव्या मागच्या कोपऱ्याकडे तिरके उतरते आणि डावीकडे पुढ्यात खोल बंकर आहे. भोकाच्या रोखाने मारणारा बंकरमध्ये जातो; उजवीकडे टाकून जमिनीला उरलेले काम करू देणाऱ्याचा चेंडू हळूहळू वळत भोकाजवळ येतो. अमेरिकेत चार्ल्स ब्लेअर मॅकडॉनल्डने नॅशनल गोल्फ लिंक्सवर याची प्रतिकृती केली आणि त्यानंतर जगात हे होल असंख्य वेळा नव्याने बांधले गेले. उतारावर भरवसा ठेवून लक्ष्यापासून दूर मारणे म्हणजे काय, हे शिकायला माझ्या माहितीत याहून चांगली जागा नाही.

दुसरा मसलबरा. एडिंबराच्या पूर्वेला घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात असलेला हा नऊ होलचा जुना कोर्स आहे. १८७४ ते १८८९ या काळात इथे सहा ओपन झाल्या. तिथे जुन्या पद्धतीचे हिकरी लाकडाचे क्लब भाड्याने घेऊन खेळा. त्या क्लबनी चेंडू कमी जातो, आणि आज सहज ओलांडले जाणारे बंकर मुळात कोणासाठी होते हे उमगते. आपण जगात कुठेही चेंडू ज्या सव्वाचार इंचांच्या भोकात घालतो, त्याचे माप इथल्याच १८२९ च्या भोक पाडण्याच्या हत्यारावरून आले असे मानले जाते.

वेळ उरला तर फाईफच्या दक्षिण किनाऱ्यावर एलीला या. पहिल्याच टीसमोर टेकाड असल्याने पुढचे खेळाडू दिसत नाहीत, म्हणून तिथे स्टार्टरच्या (खेळाडूंना क्रमाने सोडणाऱ्याच्या) खोलीत जुन्या पाणबुडीचा पेरिस्कोप बसवला आहे. वाट मोकळी झाली की स्टार्टर त्यातून पाहून सांगतो.

आणखी एक. ओल्ड कोर्सच्या सतराव्या टीसमोर लाकडी शेड आहे. पूर्वी तिथे रेल्वेच्या शेड होत्या, आणि तिच्यावर हॉटेलचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. कॅडी आपल्याला त्यांतले एक अक्षर दाखवील आणि त्यावरून मारायला सांगेल. अक्षर जितके उजवीकडचे, तितका धाडसी फटका. त्या दिवशीचा वारा आणि आधीच्या सोळा होलमधला आपला खेळ पाहून तो ते निवडतो. आपल्याला कोणते अक्षर मिळाले ते परतल्यावर इथे नक्की लिहा.